पाकिटातली गावठी कोंबडी

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, कुठल्याही बाजारपेठेत आता एखादं तरी मोठं किराणा दुकान असं असतं, की तांदळाच्या गोणी आणि कोकमाच्या बाटल्या ओलांडून आत गेलं की शेवटी एक फ्रीझर लागतो. वर वाटाणे, आइस्क्रीम, पराठे. खाली कोंबडीची पाकिटं. पाकिटांवर शब्दांची चंगळ: गावरान, गावठी, देशी, फार्म फ्रेश, नॅचरल, अँटिबायोटिक-फ्री. भाव शेजारच्या साध्या चिकनच्या दुप्पट, कधी त्याहून वर. गिऱ्हाईक हौसेने घेतं, घरी नेहमीसारखं वीस मिनिटं शिजवतं आणि पहिल्या घासाला निकाल लागतो: चिवट आहे, फसवलं. बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते, शिजवणं चुकलेलं असतं. उलट ती कोंबडी वीस मिनिटांत लुसलुशीत शिजली आणि घरचे खूश झाले, तर फसलो असण्याची शक्यता जास्त.

कारण गावठी म्हणून जास्तीचे पैसे मोजतो ते दिवसांचे. ब्रॉयलर, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'बॉयलर', 35 ते 42 दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो. परसातल्या गावठी कोंबडीला सव्वा किलो व्हायला सहा-सात महिने लागतात, कोंबड्याला दीड-पावणेदोन किलो व्हायला सात-आठ. घट्ट मांस, कडक हाड, रश्शाला येणारी चव, चुलीवर लागणारा वेळ आणि पाकिटावरची किंमत, सगळं या फरकातून येतं. वय कळलं की निम्मं काम झालं.

या दोन टोकांच्या मधे एक तिसरी जात आहे, आणि दुकानातल्या 'गावरान' पाकिटात बहुधा तीच असते. वनराज, गिरिराज, कावेरी, डीपी अशा सुधारित जातींची ही पिल्लं. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली, गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने. परसात टिकाव धरावा, दिसायला रंगीत असावी आणि वजनही लवकर यावं, हा त्यामागचा हेतू. शेडमध्ये खाद्यावर वाढवली तर 75 ते 90 दिवसांत ती सव्वा ते दीड किलो होते. यात गैर काही नाही. चव ब्रॉयलरपेक्षा बरी, मांसाला दम असतो, आणि पाळणाऱ्याचं गणितही बसतं. फक्त तीन महिन्यांच्या पक्ष्याला सात महिन्यांच्या पक्ष्याचा भाव देऊ नये. कडकनाथची गोष्ट आणखी वेगळी. तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कोकणातल्या कुंपणात वाढवला तर ताजा मिळेल, पण गावठी म्हणून विकणं म्हणजे देवगडच्या खोक्यात दुसऱ्या गावचा आंबा भरण्यासारखं आहे.

पाकीट उघडण्याआधी वय कसं ओळखायचं? पहिली खूण वजनाची. जिवंत सव्वा किलोच्या गावठी कोंबडीचं डोकं, पाय, पिसं, आतडी काढून साधारण 750 ते 800 ग्रॅम हातात येतं, कातडी काढली तर त्याहून कमी. अख्खी 'गावठी कोंबडी' म्हणून किलोभराचं सोललेलं पाकीट मिळत असेल तर ती सुधारित जातीची आहे, किंवा अंडी देऊन थकलेली लेयर आहे. लेयरचं वय भरपूर असतं, चिवटपणा गावठीसारखा असतो, पण पोटात पिवळ्या चरबीचे गोळे निघतात आणि रस्सा नुसता तेलकट होतो.

दुसरी खूण हाडाची. छातीच्या मधोमध जे होडीच्या कण्यासारखं हाड आहे, त्याचं शेपटीकडचं टोक पाकिटावरूनच अंगठ्याने दाबून बघावं (गोठलेलं असेल तर अर्थात वितळल्यावर). तरण्या पक्ष्याचं टोक कुर्चेचं असतं, वाकतं. सहा महिन्यांपुढच्या पक्ष्याचं ते हाड झालेलं असतं, बोटाला टोचतं, वाकत नाही. तंगडीचं हाड गावठीत बारीक आणि टणक, ब्रॉयलरमध्ये जाड आणि टोकाला मऊ. शिजल्यावर तंगडीच्या टोकाशी हाड काळपट पडलेलं दिसलं की पुष्कळ जण घाबरतात. ते खराब झाल्याचं लक्षण नाही. कोवळ्या पक्ष्याचं हाड सच्छिद्र असतं. गोठवून वितळताना आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो आणि शिजताना काळा पडतो. म्हणजे उलट तो कोवळेपणाचा दाखला. सात महिन्यांच्या गावठीत हे सहसा दिसत नाही.

रंगावर मात्र विसंबू नये. कातडी पिवळी म्हणजे गावठी, ही समजूत दुकानदारालाही माहीत असते. जाळावर धरून बारीक लव काढली की हळद चोळायची पद्धत जुनीच आहे, आणि ती कुठल्याही कोंबडीला चोळता येते. खाद्यात मका जास्त असला तरी कातडी आणि चरबी पिवळी होते. कोकणात भाताच्या कोंड्यावर आणि कणीवर वाढलेली खरी गावठी पुष्कळदा फिकटच असते.

आता पाकिटावरच्या शब्दांकडे. 'नॅचरल' हा शब्द अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांत आहे, पण तो पदार्थात बाहेरचं काही मिसळलेलं नाही एवढ्यापुरता. पक्षी कसा जगला, अंगणात फिरला की शेडमध्ये बसून राहिला, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'सेंद्रिय' लिहिलं असेल तर प्रमाणपत्र आणि सेंद्रिय अन्नाचं सरकारी चिन्ह शोधावं. ते नसेल तर तो शब्द शोभेचा. अन्नसुरक्षा परवान्याचा (FSSAI) 14 आकडी क्रमांक मात्र कामाचा. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे: 15 म्हणजे महाराष्ट्र, 06 गोवा, 12 कर्नाटक, आणि 00 म्हणजे केंद्रीय परवाना. 215 ने सुरू होणारा क्रमांक असलेलं पाकीट महाराष्ट्रातल्या कुणा लहान माणसाने भरलंय एवढं तरी कळतं. पण हा क्रमांक पाकीट भरणाऱ्याचा असतो, पाळणाऱ्याचा नव्हे. पक्षी कुठून आला ते दुकानदाराला विचारावं लागतं. सांगता येत नसेल तर 'लोकल' या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नयेत.

जाता जाता हार्मोनच्या इंजेक्शनचं. ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शनं देतात, ही आपल्याकडे घरोघर ऐकू येणारी गोष्ट खरी नाही. हजारो पक्ष्यांना एकेक करून टोचणं कुणालाच परवडणार नाही, आणि गरजही नाही. तो पक्षी निवडीने आणि खाद्याने तसा घडवलेला आहे. काळजीची गोष्ट आहे ती अँटिबायोटिक्सची. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध पशुखाद्यात वापरलं जात होतं, त्यावर 2019 मध्ये देशात बंदी आली. औषध दिल्यानंतर ते अंगातून निघून जाईपर्यंत पक्षी कापायचा नसतो. तो काळ पाळला की नाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. लस ही वेगळी गोष्ट. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली म्हणून कोंबडी 'नैसर्गिक' राहत नाही असं समजणाऱ्यांनी एकदा मानमोडी आलेली वाडी बघावी. आठवड्याभरात खुराडी रिकामी होतात. पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस आणि सहा-आठ आठवड्यांनी पुढची लस देणारा पाळणारा हा चांगला पाळणारा, हे धरून चालावं.

गावठीचा भाव का चढा, याचा हिशोब कागदावर मांडला की घासाघीस करावीशी वाटत नाही. ब्रॉयलरला जिवंत वजनाच्या किलोमागे साधारण 1.6 ते 1.7 किलो खाद्य लागतं, म्हणजे दोन किलोच्या पक्ष्याला सव्वातीन-साडेतीन किलो. गावठी 210 दिवस जगली आणि रोज सरासरी 60 ग्रॅम जरी खाल्लं, तरी साडेबारा किलो होतात, आणि हातात येते सव्वा किलोची कोंबडी. सगळं खाद्य विकत घेऊन ती पाळली तर दिवाळं निघेल. ती परवडते कारण निम्म्याहून जास्त पोट ती स्वतः भरते: मळणीनंतरच्या खळ्यातले दाणे, उकिरड्यातले किडे, वाळवी, पालापाचोळ्याखालचं कायबाय. त्या फिरण्यानेच मांडीचं मांस गडद आणि घट्ट होतं. पण फिरणाऱ्या कोंबडीला मुंगूस आहे, घार आहे, कावळा पिल्लं उचलतो, कुत्री आहेत. खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर 21 दिवस बसते, आठ-नऊ पिल्लं निघतात, आणि पावसाळा असेल तर त्यातली निम्मी हाताला लागली तरी नशीब. वर्षाकाठी अशी कोंबडी पन्नास-साठ अंडी देते, त्यातली काही घरात खाल्ली जातात. एवढ्या तुटपुंज्या हिशोबावर एखादं दुकान बाराही महिने, दर आठवड्याला, एकाच मापाची पाकिटं भरू शकत नाही. फ्रीझरमध्ये कधी असतं, कधी नसतं, एक पाकीट 600 ग्रॅमचं, दुसरं 950 चं, असा गोंधळ दिसला तर तो विश्वास ठेवण्यासारखा गोंधळ आहे.

किनाऱ्यावरच्या गावठीची एक खोड देशावरच्या माणसाला माहीत नसते. बंदराजवळच्या वाड्यांत कोंबड्या जवळ्याचा चुरा, सुकत घातलेल्या मासळीखालचा कचरा, मासे साफ केल्यावरची आतडी यांच्यावर पोसतात. दिसायला तकतकीत, वजनाला चांगल्या, पण रस्सा उकळायला लागला की घरभर मासळीचा वास, आणि तो कुठल्याच मसाल्याने झाकत नाही. चरबीत मुरलेला असतो. जाणते पाळणारे विकण्याआधी पंधरा-वीस दिवस अशी कोंबडी डालग्याखाली किंवा खुराड्यात कोंडून कणी, नाचणी, भाताचा कोंडा एवढ्यावरच ठेवतात. बंदरपट्ट्यातली कोंबडी घेताना 'आधी काय खात होती' हे विचारणं आगाऊपणाचं नाही. कातडी आणि चरबी काढून टाकली तर वास बराच कमी होतो, पण चवही त्यांच्याबरोबरच जाते.

फ्रीझरचं दुखणं विजेचं. पावसाळ्यात आपल्याकडे झाड पडलं, फांदी तारेवर आली, की रात्र-रात्र वीज नसते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर मंडणगड-दापोली आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. दुकानाच्या फ्रीझरला जनरेटर आहे का, हे जूनमध्ये विचारून घ्यावं. नसेल तर पाकिटं बोलतात. वितळून पुन्हा गोठलेल्या पाकिटाच्या तळाशी गुलाबी बर्फाची पातळ लादी असते. तुकडे सुटे न राहता एकमेकांना चिकटून एक गोळा होतो. पाकीट ज्या बाजूला कललं होतं तिकडे सपाट होतं. आतून बर्फाचे मोठे खडे वाजतात. असं पाकीट गावठी असो की आणखी काही, परत ठेवावं. मांसावर नुसते पांढरट कोरडे डाग असतील तर ते गारठ्याने सुकलेलं आहे. अपाय नाही, पण तेवढा भाग कापसासारखा लागणार.

घरी आणल्यावर वितळवणं ओट्यावर नको. मे महिन्यात रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात 33-34 अंश असतात. बाहेरचा थर तासाभरात मऊ होतो, आतला दगड राहतो, आणि जिवाणूंना तेवढा वेळ पुरतो. आदल्या रात्री पाकीट ताटात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. किलोभर कोंबडी साधारण 12 ते 15 तासांत वितळते. घाई असेल तर पाकीट न फोडता गार पाण्यात बुडवावं आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावं. धुणं नळाखाली करू नये, शिंतोडे भांड्यांवर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन तुकडे हाताने फिरवून काढावेत.

थेट पाळणाऱ्याकडून ताजी कापून आणणाऱ्यांची अडचण उलटी. कापल्यानंतर थोड्याच वेळात पक्षी ताठरतो आणि हा ताठरपणा काही तास राहतो. कापल्यावर अर्ध्या तासाच्या आत पातेल्यात पडली तर ठीक, नाहीतर झाकून फ्रिजमध्ये निदान आठ तास, शक्यतो रात्रभर विसावू द्यावी. मधल्या वेळात, म्हणजे दीड-दोन तासांनी, शिजायला घातलेली कोंबडी कितीही शिजवा, दोरीच होते. त्याहून वाईट म्हणजे मांसात ऊब असतानाच थेट फ्रीझरमध्ये टाकणं. ताठरायच्या आधीच गोठलेलं मांस वितळताना आखडतं आणि सगळा रस सोडतं. मुंबईला न्यायची म्हणून सकाळी कापून, बर्फ करून, रात्रीच्या गाडीने पाठवलेली कोंबडी तिकडे गेल्यावर 'गावच्यासारखी लागत नाही', त्याचं एक कारण हे.

अख्खी कोंबडी घरीच साफ करायची असेल तर पिसांसाठी पाणी 60 ते 65 अंश पुरे. बोट घालून पटकन काढावंसं वाटेल एवढं. खळखळतं पाणी ओतलं की कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून निघते. पाऊण ते एक मिनिट बुडवून, पंखाचं एक मोठं पीस ओढून बघावं. सहज आलं की बाहेर. शेपटीच्या वरची तेलाची गाठ कापून टाकावी, तिचा उग्र दर्प रश्शाला लागतो. गळ्याशी दाण्याची पिशवी असते, ती न फोडता ओढावी. आणि कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी कलेजीच्या थोड्या तुकड्यासकट कापून टाकावी. ती फुटली तर लागलेला भाग धुऊन कडूपणा जात नाही, कापूनच टाकावा लागतो.

आता शिजवणं. सोललेल्या किलोभर गावठीला दीड चमचा मीठ, एक चमचा हळद आणि आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं दोन मोठे चमचे वाटण चोळून निदान तासभर, जमलं तर रात्रभर ठेवावं. मीठ सुरुवातीलाच हवं; या घट्ट मांसात ते शिरायला वेळ लागतो. मालवणी सागोतीत दह्याचं काम नाही. कोंबडा वर्षाच्या पुढचा असेल तर कच्च्या पपईचा कीस एक लहान चमचा चोळायला हरकत नाही, पण तासाभरापुरता. जास्त वेळ राहिला तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

जाड बुडाचं पातेलं, तीन मोठे चमचे तेल, दोन बारीक चिरलेले कांदे तांबूस होईपर्यंत, मग कोंबडी. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं परतून तिचं स्वतःचं पाणी सुटून आटू द्यावं. दोन-तीन मोठे चमचे मालवणी मसाला घालून परतावं, मांस बुडेल इतकं कढत पाणी, आणि वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी. हे झाकणावरचं पाणी वाफ धरून ठेवतं आणि लागेल तसं आत घालायला गरम पाणीही तयार असतं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि पुन्हा आधण यायला दहा मिनिटं जातात. आच अशी की पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा यावा. सात महिन्यांच्या कोंबडीला पाऊण-एक तास, आठ-नऊ महिन्यांच्या कोंबड्याला दीड, म्हाताऱ्याला दोन. वयाबरोबर मांसातले धागे एकमेकांत घट्ट गुंततात. ते सैल होऊन विरघळायला 70-80 अंशांवर भरपूर वेळ लागतो, नुसती मोठी आच कामाची नाही. ते विरघळले की रश्शाला ओठ चिकटवणारा दाटपणा येतो, आणि ब्रॉयलरच्या रश्शात कितीही खोबरं ओतलं तरी हा दाटपणा येत नाही.

झालं की नाही ते सुरीने टोचून बघू नका. तंगडीचा तुकडा डावावर घ्या आणि खालचं टोक बघा. मांस हाडावरून बोटभर वर सरकलेलं असेल, सांध्याशी पांढरा शिरेचा पट्टा काचेसारखा पारदर्शक झालेला असेल, आणि हाड नुसतं फिरवलं तर सांध्यात सैल फिरत असेल, तर झालं. पट्टा अजून पांढरा, रबरासारखा असेल तर आणखी वीस मिनिटं. इथेच बहुतेक जण धीर सोडतात. अशा अर्धवट वेळी कोंबडी सर्वांत वाईट लागते: रस निघून गेलेला असतो आणि धागे अजून सुटलेले नसतात.

कुकर चालतो, पण शिट्ट्या मोजून नाही. एका घरच्या पाच शिट्ट्या आठ मिनिटांत होतात, दुसऱ्या घरच्या वीस मिनिटांत. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ लावावं: गावठीला 20 ते 25 मिनिटं, कावेरी-गिरिराजला 12 ते 15. वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून काढली तर आतलं पाणी एकदम खदखदतं आणि मांस कोरडं पडतं. ब्रॉयलरला कुकर दाखवूही नये.

भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण शेवटी. अर्ध्या नारळाचं खोबरं, दोन कांदे, एक मोठा चमचा धणे, बडीशेप आणि खसखस एकेक लहान चमचा, चार-पाच मिरी, तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. खोबरं गडद तपकिरी हवं, काळं नको. हे वाटण सुरुवातीला घातलं तर दीड तास उकळून तळाला लागतं, त्याचं तेल फुटतं आणि जळकट कडवटपणा सगळ्या रश्शात उतरतो. मांस नव्वद टक्के झाल्यावर घालावं आणि दहा-बारा मिनिटं उकळावं. वड्यांचं पीठ घरोघरचं वेगळं असतं, त्यात आपण पडायला नको.

मटणाचं थोडक्यात. कोकणात विकलं जाणारं बरंचसं मटण घाटावरच्या बोकडांचं असतं. एवढ्या पावसात शेळ्या पाळणं सोपं नाही. खूर कुजतात, जंत होतात, शेळी भिजत चरत नाही. या पावसाला टिकणारी जात म्हणजे सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ: काळ्या अंगाची, तोंडापासून कानांपर्यंत पांढरे पट्टे असलेली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निळेलीच्या केंद्रात तिच्यावर काम केलं आहे. कन्याळचा बोकड मिळाला तर दात विचारावेत. दुधाचे दात असलेला कोवळा, पहिले दोन मोठे दात आलेला वर्ष-सव्वा वर्षाचा. रश्शाला दुसरा चांगला. खच्ची केलेला असेल तर उग्र वास नाही. रस्सा करायचा असेल तर नुसती मांडी मागू नये. फरा, नळी, सीना आणि गर्दन मिसळून घ्यावं, कारण मांडीत विरघळण्यासारखं फार काही नसतं. मटणाला ताठरपणा उतरायला कोंबडीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून सकाळी कापलेलं दुपारी शिजवण्यापेक्षा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन-तीन महिने कलेजी डोळे उघडे ठेवून घ्यावी. भातशेतीच्या ओलीत चरणाऱ्या शेळ्यांना गोगलगायींमार्फत यकृतातले चपटे कृमी होतात. कलेजी आडवी कापून बघावी. नळ्या जाड, पांढऱ्या, दाबल्यावर करकरीत लागत असतील, किंवा पानासारखं चपटं काही हलताना दिसलं, तर ती कलेजी ठेवून यावी. चांगली कलेजी एकसारख्या गडद रंगाची, ओलसर, काठ धारदार. खाटकाला राग येत नाही. रोजचं गिऱ्हाईक असं कापून बघतंच.

आणि कधी घ्यावं? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यात आषाढ, म्हणजे सगळ्यांच्या जिभा कोंबडीकडे. आषाढातल्या शेवटच्या आठवड्यात गावठीचा भाव सर्वांत चढा आणि माल सर्वांत कोवळा, कारण पाळणारे पाच महिन्यांचेही पक्षी विकून टाकतात. ज्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो त्यांना भाद्रपदात सात-आठ महिन्यांचा कोंबडा हवा असतो. तो जानेवारीत अंड्याखालून निघालेला असायला हवा, तेव्हा पाळणाऱ्याला सांगून ठेवायचं ते संक्रांतीच्या सुमाराला. शिमग्याला चांगली गावठी कमी मिळते, कारण तेव्हा सात महिन्यांची होणारी पिल्लं ऐन पावसात निघालेली असतात आणि त्यातली थोडीच जगतात. भाव उतरतात ते श्रावणात. गिऱ्हाईक नाही आणि कोंबडे खाद्य संपवतायत, म्हणून पाळणारा दोन पावलं मागे येतो. तुमच्या घरी श्रावण पाळत असतील तरी तेव्हा घेऊन, रात्रभर फ्रिजमध्ये विसावू देऊन, मग हवा काढलेल्या पिशव्यांत उणे 18 ला गोठवून ठेवता येतं, तीन-चार महिने चव टिकते. फक्त घरचा इन्व्हर्टर फ्रिज ओढतो की नुसते पंखे आणि दिवेच, ते आधी बघून घ्या.